कोल्हापूरहून जुनी स्विफ्ट घेतली, सर्व्हिसचा कागद एकही नाही. मिरगाच्या आधी काय काय करून घ्यावं?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल घेतली आहे. २०१४ ची, एमएच-०९ पासिंग, मी तिसरा मालक. मीटरवर ५२ हजार किलोमीटर दिसतात. सर्व्हिसचं पुस्तक नाही, बिलं नाहीत, "सगळं वेळच्या वेळी केलंय" एवढं तोंडी सांगणं.

रोजचं जाणं-येणं जांबोटी भागातून बेळगावला उद्यमबागेपर्यंत, आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्याला. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पाऊस लागायच्या आत गाडी भरवशाची करून घ्यायची आहे. सध्या जाणवतं ते असं: गतिरोधकावरून उतरताना पुढून डाव्या बाजूला 'खट' असा आवाज येतो आणि ब्रेकचा पेडल थोडा मऊ लागतो. बाकी एसी थंड, स्टीअरिंग सरळ, धूर नाही.

बजेट २५ हजार. कुठल्या कामाला आधी हात घालावा? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं की ओळखीच्या मेस्त्रीकडे? घरी पान्यांचा सेट, जॅक आणि दोन स्टँड आहेत. त्यातलं घरी काय करता येईल तेही सांगा.

उद्यमबाग_फिटर

दादा, ज्या कामाचं बिल नाही ते काम झालेलंच नाही असं धरून चाला. गाडी विकणारा खोटं बोलतो असं नाही, त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. म्हणून सगळी तेलं, पाणी, फिल्टर एकदा बदलून आजची तारीख आणि आजचं मीटर वहीत लिहायचं. तुमच्या हातात गाडीचा हिशोब तिथून सुरू होतो.

खर्चाचा क्रम: आधी ब्रेक आणि टायर, मग कूलंट, मग इंजिन ऑइल आणि फिल्टर, मग गिअर ऑइल आणि प्लग. सीट कव्हर, म्युझिक, पॉलिश हे सगळं पावसाळा संपल्यावर. ब्रेक-टायरचं दुसऱ्या कुणीतरी लिहा, मी इंजिनाचं सांगतो.

इंजिन ऑइल घरी सहज होतं. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, बंद करून थोडं थांबा. ऑइल कोमट असलं की गाळ त्याच्याबरोबर खाली येतो. खाली शिरायचं तर गाडी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आधी वरचं भरण्याचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. तपकिरी पातळ थर असला तर ठीक. काळा डांबरासारखा थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. झाकणाच्या आतून दुधासारखा पांढरट फेस असेल तर घाबरायच्या आधी डिपस्टिक बघा. पावसाळी हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला तसा फेस धरतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, आणि मग गाडी चालवायची नाही.

खालचा नट सोडून ऑइल पूर्ण गळू द्या. नटाचा वॉशर नवीनच टाका. नट हाताने आट्यात बसवायचा आणि मग पाना लावायचा, सुरुवातीलाच पाना लावला की आटे जातात. फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रिंगवर नवी रिंग बसली तर गाडी चालू करताच ऑइल भसाभसा बाहेर येतं आणि इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पाऊण फेरा. तेवढं पुरतं.

ऑइल ५डब्ल्यू-३०. फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं. आधी पावणेतीन ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्त झालेल्या ऑइलला क्रँक घुसळते, फेस होतो आणि फेसाळलेल्या ऑइलचा दाब नीट बनत नाही. "इंजिन जुनं झालंय, २०डब्ल्यू-५० घाला" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. जाड ऑइल सकाळच्या थंड इंजिनात वर पोचायला उशीर लावतं, तेवढा वेळ चेन सैल खडखडते. चेन आहे म्हणजे टायमिंग बेल्ट बदलायचा प्रश्नच नाही. कुणी बेल्ट बदलायचं बिल सांगत असेल तर तो फॅनबेल्टबद्दल बोलतोय का, ते विचारून घ्या. फॅनबेल्टला आतल्या बाजूने चिरा दिसल्या तर मात्र बदला, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप त्याच्यावरच फिरतो.

झाकणाखाली काळा थर निघालाच तर इंजिन फ्लशचं औषध घालू नका. साचलेला गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. त्यापेक्षा आत्ता ऑइल-फिल्टर बदला, तीन हजार किलोमीटरवर परत बदला, मग नेहमीप्रमाणे दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

गिअर ऑइल लोक विसरतात, कारण ते जळत नाही आणि कमी झालेलं दिसत नाही. ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, दोन-अडीच लिटर हाताशी ठेवा. इथे एक नियम पाळा: आधी बाजूचा भरण्याचा नट सुटतोय का बघा, मगच खालचा सोडा. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. भरताना गाडी सपाट असली पाहिजे. भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की गिअरबॉक्स भरला.

स्पार्क प्लग चार आहेत. इंजिन पूर्ण गार असतानाच काढा, हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे सोलून निघतात. काढायच्या आधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून बघा: फिकट तपकिरी टोक म्हणजे जळण बरोबर, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, ओलं तेलकट टोक म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर रोग त्याच सिलिंडरमध्ये शोधायचा.

चिकोडीकर

ब्रेकचं मी सांगतो, कारण चोर्ला उतरायचा म्हणताय आणि पेडल मऊ आहे म्हणताय. हे पहिल्या दिवशीचं काम आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की कॅलिपर (चाकाशी पॅड दाबणारा भाग) तापतो, आतलं ओलसर ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पेडल सरळ खाली जातो. गाडी सपाटीवर चालवताना हे कधीच कळत नाही, नेमकं घाटात कळतं.

टाकीच्या झाकणावर कुठलं डॉट लिहिलंय ते बघून तेच घ्या, एक लिटर पुरेल. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल सोडायच्या छोट्या बोल्टमधून) जुनं काळपट ऑइल पूर्ण जाऊन स्वच्छ येईपर्यंत काढायचं आणि या सगळ्या वेळात वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. एकदा हवा आत गेली की काम दुप्पट. गंजलेला निपल जोर लावून मोडू नका, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हे काम ज्याने कधी केलं नाही त्याने घरी करू नये, मेस्त्रीकडे समोर उभं राहून करून घ्यावं.

त्याच वेळी पुढचे पॅड बघा. लायनिंग तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलाय का हे जास्त महत्त्वाचं. एकच झिजलाय म्हणजे कॅलिपरच्या पिना अडकल्यात. नुसते पॅड बदलून ते पुन्हा तसंच होणार, पिना काढून साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मागे ड्रम आहेत. ते उघडल्याशिवाय ब्रेक बघितले असं कुणी म्हणू नये. आत व्हील सिलिंडरचं रबर हलकेच उचलून बघा. ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, आणि तेल लागलेला लायनर धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो. हँडब्रेक आठ-नऊ टकटकींच्या पुढे जात असेल तर आधी लायनर बघा, लगेच केबल ओढू नका.

एक साधी परीक्षा: इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखा दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेला तर मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला ब्रेकचा मुख्य पंप) आतून सोडतोय किंवा कुठेतरी गळती आहे. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन घट्ट होत असेल तर हवा आहे किंवा मागचे लायनर लांब राहिलेत.

आता पुढचा खट आवाज. डावं पुढचं चाक उचला. चाकाला वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातले १२ आणि ६. खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग ३ आणि ९ ला धरून हलवा, तिथे खेळ आला तर टाय रॉड. दोन्हीकडे काही नसेल आणि आवाज फक्त छोट्या खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी) किंवा लोअर आर्मचा बुश (खालच्या दांड्याचं रबर) असतो. लिंक रॉड स्वस्तातलं काम आहे. कुणी न बघता "दोन्ही शॉकअप गेले" म्हणाला तर आधी लिंक रॉड सोडून गाडी त्याच रस्त्यावरून हळू फिरवून आणा. आवाज बंद झाला की उत्तर मिळालं. शॉकअप गेलाय की नाही हे त्याच्या दांड्यावर तेल ओघळलंय का त्यावरून कळतं.

आणि क्रम चुकवू नका: आधी खालचं काम, मग टायर, मग अलाइनमेंट. उलटं केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, लांबट चौकटीत. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तो इथे लिहा, मग पुढचं बोलू. स्टेपनीचाही लिहा.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे आभार. काल तुम्ही सांगितलं तसं बघितलं.

चारही टायरवर ०८१७ आहे, नक्षी भरपूर आहे, चार मिलिमीटर तरी. स्टेपनीवर १९१४. लिंक रॉडच खेळतोय, डावा. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ऑइलच्या झाकणाखाली तपकिरी पातळ थर, डांबर नाही. पण कूलंटच्या टाकीत गंजासारखं लालसर-तपकिरी पाणी आहे. ते नुसतं काढून नवीन कूलंट भरलं तर चालेल का?

उद्यमबाग_फिटर

आधी टायरचं, कारण त्यात एक गोम आहे. स्टेपनी १९१४ म्हणजे गाडीबरोबर आलेली. चालते चार टायर २०१७ सालच्या आठव्या आठवड्याचे. म्हणजे कंपनीचे पहिले टायर साधारण तीनेक वर्षांत बदलले गेले. टायर नीट वापरला तर चाळीस हजारांच्या आसपास जातो. पहिल्या तीन वर्षांतच गाडी तेवढी पळाली असेल तर आज मीटरवर ५२ हजार कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा. खात्री म्हणत नाही, खराब रस्त्याने किंवा बिघडलेल्या अलाइनमेंटनेही टायर लवकर जातात. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर सांगितला की त्यांच्याकडे झालेल्या सर्व्हिसच्या तारखा आणि मीटर संगणकावर दिसतात. ते काढून घ्या. तुमच्या "कंपनी की मेस्त्री" या प्रश्नाचं उत्तरही तेच: नोंदी बघायला आणि एकदा स्कॅनर लावायला कंपनीत जा, बाकी कामं चांगला मेस्त्री तेवढीच नीट करतो. स्कॅनर लावाल तेव्हा नुसते बिघाडाचे कोड बघू नका, गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्या 'पूर्ण' दाखवतात का ते बघायला सांगा. बऱ्याच तपासण्या 'अपूर्ण' असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

नक्षी कितीही असली तरी ते टायर बदला. आठ वर्षं होऊन गेलेलं रबर कडक होतं, ओल्या डांबरावर पकड धरत नाही, बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडतात. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसात तीनच्या खाली गेलेला टायर पाणी नीट कापत नाही. १६५/८० आर१४ हेच माप घ्या, चारही एकाच कंपनीचे, आणि शिक्का बघून ताजे. बजेटचा अर्ध्याहून जास्त भाग इथे जाईल, जाऊ द्या. सध्या दोनच परवडत असतील तर नवे दोन मागे लावा. पुढचे निसटले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते, मागचे निसटले तर गाडी गरकन फिरते. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे, टायर गार असताना.

आता कूलंट. लालसर पाणी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी घालत आलंय. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही असं समजतात. पण त्याचं इथलं काम वेगळं आहे: आतलं लोखंड आणि अॅल्युमिनियम गंजू न देणं, आणि पाणी १०० अंशांच्या वर जाईपर्यंत उकळू न देणं. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, ट्रॅफिकमध्ये गाडी तापते आणि शेवटी हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) जातं.

नुसतं काढून भरलं तर चालणार नाही. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा, गरम असताना अजिबात नाही. खालून पाणी सोडा. डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत इंजिन चालवा. पंखा लागला म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडला, तोपर्यंत फक्त अर्ध्या वाटेत पाणी फिरत असतं आणि ब्लॉकमधलं घाण पाणी रेडिएटरकडे येतच नाही. मग पूर्ण गार होऊ द्या आणि सोडा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. तुमच्या पाण्याच्या रंगावरून तीन-चार वेळा तरी करावं लागेल.

शेवटी भरताना मोठी चूक होते ती इथे. खालून सोडलं तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी राहतं. त्यावर तयार पातळ कूलंट ओतलं की ते आणखी पातळ होतं. म्हणून घट्ट कूलंट आणा. पुस्तकात एकूण क्षमता दिलेली असते, तिच्या निम्मं घट्ट कूलंट आधी घाला आणि वरची जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. असं केलं की निम्मं-निम्मं प्रमाण बरोबर बसतं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत. रेडिएटरचं झाकण नवीनच टाका, त्याची स्प्रिंग सैल असेल तर दाब टिकत नाही.

बुडबुडे थांबतच नसतील, गार असतानाही वरचा पाइप टणक लागत असेल किंवा पाणी दर आठवड्याला कमी होत असेल, तर पुढचे पैसे खर्च करण्याआधी हेड गॅस्केटची तपासणी करून घ्या.

कणकुंबी_पाऊस

आमच्या पट्ट्यात राहणाऱ्या गाडीला इंजिनाइतकंच बाहेरून जपावं लागतं.

वायपरच्या खालची काळी प्लास्टिकची जाळी काढा. तिच्याखाली झाडाचा पाला कुजून बसलेला असतो आणि पाणी जायची भोकं बुजलेली असतात. तिथलं पाणी तुंबलं की ते ब्लोअरच्या तोंडातून आत येतं, पायातला गालिचा ओला राहतो आणि मग काही दिवसांनी वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज धरतो. दारांच्या खालच्या कडेला लांबट भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. एसीचं पाणी टपकणारी नळी गाडीखाली दिसते का बघा, एसी चालू असताना थेंब पडत नसतील तर ती चिखलाने बंद झाली आहे.

चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या आत तांबडी माती थापलेली राहते. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. महिन्यातून एकदा खालून साध्या पाण्याने धुवा. धुण्याच्या ठिकाणी खालून डिझेल मारतात, ते मारू देऊ नका, डिझेलने बुश आणि रबरी बूट फुगतात आणि लवकर फाटतात. गंज रोखणारं कोटिंग करायचं तर आधी गंज घासून, सुकवून. ओल्या गंजावर काळा रंग फासला तर गंज आतल्या आत वाढतो आणि दिसतही नाही. कोटिंगने पाणी जायची भोकं बुजवलेली नाहीत ना, हे लिफ्टवर गाडी असतानाच बघून घ्या.

इंजिन मोठ्या प्रेशरने धुवायचं नाही. प्लगच्या खड्ड्यात पाणी गेलं की गाडी धक्के देते.

बॅटरी पावसाच्या आधी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर पावसात ती दगा देणार. वायपरच्या पट्ट्या नवीन घ्या, माप जुन्या पट्टीवरून. धुक्यात पुढची काच आतून धरते तेव्हा हवा बाहेरची ठेवून एसी लावायचा, आतलीच हवा फिरवत ठेवली तर काच आणखी धरते.

घाटात उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाका. ब्रेक कितीही नवे असले तरी.

निपाणीकर_२३

उंदरांचं कुणी लिहिलं नाही. शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर पहिल्या पावसात बिळात पाणी शिरतं आणि उंदीर थेट बॉनेटखाली येतात. आमच्याकडे लोक तंबाखूची पानं ठेवतात. वास असेपर्यंत काही दिवस उपयोग होतो, पण पानं सुटी टाकू नका: सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडली तर जळतात, ब्लोअरमध्ये गेली तर आतून वास जात नाही. कापडी पुरचुंडीत बांधून बॅटरीच्या बाजूला, बेल्ट आणि मॅनिफोल्डपासून लांब. खरा उपाय म्हणजे ब्लोअरच्या हवेच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी बसवणं आणि गाडीत खाण्याचं काही न ठेवणं. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघत जा, त्यांचं आवडतं घर तिथेच.

उसाचा हंगाम लागला की पाचटाचे तुकडे उडून एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये अडकतात. गाडी उभी असताना एसी कमी थंड लागला की गॅस भरायच्या आधी तिथे बघा. पाण्याची हलकी धार आतून बाहेर मारायची, जोरात मारली तर पातळ पत्र्या वाकतात. सायलेन्सरला अडकलेलं वाळलं पाचट त्याच दिवशी काढा, ते पेट घेतं.

पेट्रोलचंही सांगून ठेवतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१४ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. गाडी चालते, अॅव्हरेज थोडं कमी मिळतं. पण इथेनॉल ओल ओढतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप हाताने दाबून बघा, चिकट किंवा चिरलेले असतील तर बदला. पावसाळ्यात थोडं पेट्रोल टाकून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका.

टिळकवाडी

कागदांचं थोडक्यात. एमएच-०९ ची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आधी. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी लागतो. भरल्यावर महाराष्ट्रात उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करता येतो, म्हणून जुन्या कराची पावती विकणाऱ्याकडून आत्ताच मागून घ्या.

विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागेल.

जांबोटी_रोड

नोंदी काढल्या. २०१६ च्या शेवटी ४३ हजारांची सर्व्हिस झालेली आहे, त्यानंतर कंपनीत एकही नाही. म्हणजे मीटरचा संशय खरा दिसतोय. टायर, लिंक रॉड, ब्रेक ऑइल आणि कूलंट ठरवलं. प्लग आणि गिअर ऑइल पुढच्या महिन्यात ढकललं तर चालेल?

उद्यमबाग_फिटर

प्लग ढकला, गाडी धक्के देत नाही तोवर काही बिघडत नाही. गिअर ऑइलही महिनाभर थांबेल, फक्त आत्ता गाडी लिफ्टवर असताना गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंची अॅक्सल सील ओली आहे का बघायला सांगा. ओली असेल तर ऑइल कमी झालेलं असणार, मग थांबू नका. इंजिन ऑइल मात्र ढकलायचं नाही. मीटर खरं नसेल तर ते किती जुनं आहे याचा अंदाजच करता येत नाही.

त्याच उजेडात क्लचही बघा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी तशीच राहिली तर प्लेट घसरतेय. चोर्ल्याच्या चढाला लागायच्या आधी तेवढं कळलेलं बरं.

काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी बघा, एक-दोनदा थोडी खाली जाते, कारण अडकलेली हवा बाहेर पडते. त्याच वेळी डिपस्टिक बघा आणि गाडी उभी होती तिथे खाली ओला डाग आहे का बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट परत आवळून घ्या, समोरासमोरच्या क्रमाने. नवीन टायर बसवल्यावर ते थोडे सैल होतात आणि टायरवाला ते परत तपासायला बोलवत नाही.